जुन्या फटफटीची टाकी

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी घरांत जपून ठेवलेल्या वस्तूंची यादी करावयाची म्हटले, तर देवघरातील टाक, आजीचे पितळी डबे आणि भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ यांच्या जोडीला आणखी एका वस्तूचे नाव घ्यावे लागेल. ती म्हणजे जिन्याखाली अथवा परसात गोणपाट पांघरून उभी असलेली जुनी मोटारसायकल. आपल्याकडे तिला फटफटी म्हणत. सुरती गुजरातीत तीच ‘फटफटियुं’ झाली. कोणाच्या वडिलांनी ती नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत घेतलेली असते, तर कोणाच्या काकांनी लष्करी लिलावातून. चालविणारा माणूस गेल्यावरही ती विकण्यास घरच्यांचे मन धजत नाही, आणि चालविण्याजोगी करावी, तर कोठून आरंभ करावा हे उमगत नाही.

आमच्या पाहण्यात असे आले आहे, की अशा गाडीच्या पुनरुज्जीवनात इंजिनाची चिंता मानतात तितकी मोठी नसते. इंजिन जाड धातूचे असते, त्याचे भाग अजून मिळतात, आणि ते खोलून बसविणारे मिस्त्रीही सुरतेत, बडोद्यात, इंदुरात आहेत. खरा घात होतो तो टाकीचा. टाकी जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याची. ती आतून गंजते, म्हणून गंज दिसत नाही. दिसू लागतो तेव्हा पत्र्याला भोक पडलेले असते. शिवाय गाडीचा चेहरा म्हणजे टाकीच. तिच्यावरचा रंग, रेघा आणि नाममुद्रा पाहूनच रस्त्याने जाणारा माणूस गाडी ओळखतो. म्हणून केवळ टाकीविषयी चार गोष्टी विस्ताराने लिहाव्यात, असे आम्हांस वाटले.

सुरतेला या विषयाचे थोडे अधिकच महत्त्व आहे. एक तर येथील हवा. समुद्र जवळ, तापीचे पात्र गावातून वाहणारे, आणि पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल. टाकी अर्धवट भरलेली असली, की दिवसा आतली हवा तापून झाकणाच्या बारीक छिद्रातून बाहेर जाते व रात्री गार झाल्यावर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. टाकी श्वास घेते म्हणा ना! त्या श्वासातील बाष्प पत्र्यावर जमते, थेंब होऊन तळाशी उतरते आणि तेथे बसून राहते, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड.

दुसरी गोष्ट महापुराची. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला जो पूर आला, त्यात शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अडाजण, रांदेर या भागांतील तळमजले काही दिवस बुडालेले होते. माणसांच्या आणि संसारांच्या हानीपुढे वाहनांची काय कथा! परंतु त्या पाण्याने टाक्यांचे काय केले, हे पाहण्याजोगे आहे. झाकणाच्या छिद्रातून गढूळ पाणी आत शिरले, हलके पेट्रोल तरंगत वर येऊन बाहेर पडले, आणि पूर ओसरल्यावर टाकीत उरले ते पाणी व तापीचा बारीक गाळ. घर धुण्याच्या धांदलीत जिन्याखालच्या फटफटीची टाकी उघडून पाहण्याचे कोणास सुचणार? अनेक टाक्या तशाच राहिल्या. गाळ वाळून त्याचा पापुद्रा झाला आणि त्याखाली गंज शांतपणे आपले काम करीत राहिला.

आता ओळखीकडे वळू. हा भाग सर्वांत किचकट आणि आमच्या मते सर्वांत रंजकही आहे. इंजिनावर क्रमांक असतो, सांगाड्यावर क्रमांक असतो. टाकीवर बहुधा काहीच नसते. शिवाय पन्नास-साठ वर्षांत टाकी बदललेली असण्याचा संभव पुष्कळ. म्हणून टाकी ओळखावयाची ती तिच्या घडणीवरून.

नाममुद्रेवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवू नये, कारण ती दोन स्क्रूंनी काढता-घालता येते. तरीही तिची भाषा ठाऊक असावी. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसल्या, की ती बीएसए. हे नावच बर्मिंगहॅमच्या लहान शस्त्रांच्या कारखान्याचे. पंख असलेला इंग्रजी ‘एम’ मॅचलेसचा. रॉयल एनफील्डची तोफ तर आपल्या परिचयाचीच आहे. जावा हे नाव पाहून अनेकांना त्या नावाचे बेट आठवते. वस्तुतः फ्रान्तिशेक यानेचेक या चेक कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्यास घेतली, तेव्हा आपल्या व तिच्या नावांची आद्याक्षरे जोडून हा शब्द घडविला. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९७३ पासून आपल्या गाड्यांना येझदी हे नाव दिले. ते इराणातील यझ्द शहरावरून आलेले आहे, कारण कारखान्याचे चालक इराणी घराण्यातले. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तेव्हा सत्तरीनंतरच्या पुष्कळ वर्षांतील इंजिनावर ‘जावा’ची टाकी दिसली, तर ती कोठून आली याची चौकशी अवश्य करावी. एनफील्डचे असेच आहे. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढे अनेक वर्षे देशी बुलेट केवळ ‘एनफील्ड’ या नावाने विकली जात असे. त्या काळातील गाडीवर झळझळीत ‘रॉयल’ दिसले, तर बहुधा ते मागाहून कोणीतरी हौसेने बहाल केलेले राजेपण असते.

नाममुद्रेपेक्षा टाकीचे पोट अधिक खरे बोलते. टाकी काढून उलटी करावी. मध्ये जी पन्हळ दिसते, तीत गाडीचा वरचा दांडा बसतो. तिची रुंदी, बोल्टांच्या भोकांमधील अंतर आणि पेट्रोलच्या कॉकची जागा ही तीन मापे घेऊन कागदावर लिहावीत व त्याच बनावटीच्या निःसंशय मूळ गाडीशी ताडून पाहावीत. कॉकचे आटेही बोलके असतात. ब्रिटिश गाड्यांचे आटे इंची मापाचे, जावा व राजदूत यांचे मिलिमीटरचे. इंची आट्यांत मिलिमीटरचा कॉक जबरदस्तीने पिळून बसविलेला आम्ही पाहिला आहे. अशी टाकी गळू लागली तर नवल नाही. टाकी किती मोठी, हेही शेवटी पाणी ओतून मोजावे. ब्रिटिश टाक्यांचे माप गॅलनात सांगितलेले आढळेल. तो इंपिरियल गॅलन, म्हणजे ४.५४६ लिटर.

काळ ओळखण्याच्याही काही खुणा आहेत. सुमारे १९२७-२८ पर्यंतच्या गाड्यांत टाकी चपटी, दोन दांड्यांच्या मध्ये अडकविलेली असे. त्यानंतर दांड्यावर खोगिरासारखी बसणारी टाकी आली आणि तीच रूढ झाली. ट्रायम्फच्या गाड्यांत १९४८ पर्यंत टाकीवर घड्याळांची पाटी होती. १९४९ पासून ती घड्याळे दिव्यापाशी गेली व टाकीवर सामान बांधण्याची लहानशी जाळी आली. आरंभीच्या काही जावा गाड्यांत किल्लीचा स्विच टाकीवर असे, पुढे तो दिव्याच्या घुमटात गेला. दुसऱ्या महायुद्धातील बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३-एल अशा लष्करी गाड्या लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या. त्यांच्या टाक्यांवर क्रोमची चमक शोधू नये. वरच्या रंगाखाली खाकी किंवा ऑलिव्ह रंगाचा थर सापडला, म्हणजे गाडीने आपला पूर्वेतिहास सांगितला असे समजावे.

राजदूतचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अप्रशस्त होईल. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या धर्तीवर फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्याने काढलेली ही गाडी खानदेशात आणि दक्षिण गुजरातेत दूधवाल्यांची लाडकी. तिच्या टाकीला कोणी प्रदर्शनात मानाचे स्थान देत नाही, परंतु दोन्ही बाजूंस कॅन लटकवून तिने कित्येक घरांचे संसार चालविले. आम्हांस विचाराल तर अशी टाकी राखणे हे लिलावातील ट्रायम्फची टाकी राखण्याइतकेच मोलाचे आहे.

ओळखीचे महत्त्व किती, हे आमच्या परिचयातील एका मराठी कुटुंबाच्या अनुभवावरून ध्यानी येईल. घर अडाजणचे, गाडी साठीतली जावा. पुरात ती दिव्यापर्यंत बुडाली होती. यजमान वारल्यानंतर मुलाने ती दुरुस्तीस दिली. काही महिन्यांनी गाडी परत आली ती अगदी नव्यासारखी. लालभडक टाकी, नवी रबरे, नवी नाममुद्रा. शेजारीपाजारी कौतुक करीत असता वृद्ध आईने टाकीवरून हात फिरविला आणि ह्यांच्या टाकीवर किल्लीची जागा होती, ती कोठे गेली, असे विचारले. टाकी बदलली गेली होती! चौकशी करता जुनी टाकी गॅरेजच्या मागील ढिगात, भंगारवाल्याची वाट पाहत पडलेली सापडली. तळाच्या शिवणीला तीन-चार भोके, आत गाळ, वर एक जुना पोचा. मिस्त्रीच्या दृष्टीने ती निरुपयोगी होती, आणि त्याने बसविलेली टाकी चांगली मजबूतही होती. त्याला फसवणूक म्हणावे असे आम्हांस वाटत नाही. परंतु विचारून घेण्याचे सौजन्य त्याने दाखवावयास हवे होते. मुलाने जुनी टाकी घरी आणली आणि ती दुरुस्त होण्यास आणखी वर्ष गेले. पुढे दिलेल्या कृतींपैकी बहुतेक त्या टाकीवर झालेल्या आम्ही प्रत्यक्ष पाहिल्या आहेत.

कृतीपूर्वी एक इशारा, आणि तो वाचल्याशिवाय कोणीही हातोडीला हात लावू नये. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड, त्यामुळे ती तळाशी रेंगाळते. आणि हवेत तिचे प्रमाण शेकडा दीड ते साडेसात यांच्या दरम्यान असले, की एका ठिणगीने स्फोट होतो. वर्षानुवर्षे कोरड्या असलेल्या टाकीच्या शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्यांतही पेट्रोल दडून राहते व पत्रा तापला की बाहेर येते. म्हणून वेल्डिंगची टाकी प्रथम साबणाच्या कढत पाण्याने अनेक वेळा धुवावी, आणि डागाच्या जागेपुरता भाग सोडून उरलेली टाकी पाण्याने भरून मगच ज्योत लावावी. ‘वास येत नाही, लाव गॅस’ असे म्हणणाऱ्या कारागिराकडून टाकी परत घेऊन निघून यावे. हे काम घरी करू नये, आणि मुलांना तर जवळपासही फिरकू देऊ नये.

गंज काढण्याचे काम मात्र घरी होऊ शकते. प्रथम कॉक काढून भोकाला बूच मारावे. टाकीत मूठभर लोखंडी नट टाकून, थोडे साबणाचे पाणी घालून ती हलवावी. नट मोजून टाकावेत आणि मोजून बाहेर काढावेत. एक आत राहिला तर तो पुढे आयुष्यभर खुळखुळेल. काही हौशी लोक टाकीला जुन्या गोधडीत गुंडाळून सिमेंट कालविण्याच्या यंत्रात फिरवितात. युक्ती चांगली आहे, परंतु गोधडी जाड हवी.

त्यानंतर रसायनांची पाळी. गॅरेजमध्ये सर्रास संडास धुण्याचे अ‍ॅसिड ओततात. गंज जातो खरा, पण त्याबरोबर पातळ झालेला पत्राही जातो, जुन्या टाकीचा डाख सुटतो, आणि धुतल्यावर तासाभरात आत पुन्हा तांबूस थर चढतो. घरगुती उपाय त्याहून सौम्य आणि भरवशाचा आहे. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको. त्याच जातीचा गुण लिंबाच्या फुलात, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडात आहे. लिटरभर गरम पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम फूल विरघळवून टाकी काठोकाठ भरावी, झाकण सैल ठेवावे आणि एक दिवसाने पाहावे. हट्टी गंज असेल तर द्रावण बदलून पुन्हा भरावे, परंतु आठवडाभर विसरून जाऊ नये.

पाश्चात्य देशांतील शौकीन लोक साखर कारखान्याची मळी नऊ पट पाण्यात मिसळून टाकी दोन-तीन आठवडे तीत बुडवून ठेवतात. मळी गंज खाते, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावीत नाही. वास मात्र असह्य. बारडोली, सायण, चलथाण, मढी येथे साखर कारखाने असता सुरतेच्या माणसाला मळीची काय वाण, असे कोणी म्हणेल. परंतु गुजरातेत दारूबंदी आहे आणि मळीच्या खरेदीविक्रीवर सरकारचे नियंत्रण आहे. मोटारसायकलीच्या टाकीसाठी मळी नेत होतो, हे पोलिसांना पटवून देण्यापेक्षा लिंबाचे फूल बरे!

विजेची रीतही आहे. पाण्यात धुण्याचा सोडा घालून टाकीला बॅटरी चार्जरचे ऋण टोक आणि झाकणाच्या भोकातून आत सोडलेल्या, टाकीला न शिवणाऱ्या लोखंडी सळईला धन टोक जोडतात. गंज सुटून सळईवर मळ जमतो. सळई साध्या लोखंडाचीच घ्यावी. स्टेनलेस स्टीलची घेतल्यास पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती मोकळ्या अंगणात करावी, आणि चार्जर बंद केल्याखेरीज तारा हलवू नयेत.

टाकी धुतल्यावर सोड्याच्या पाण्याने अ‍ॅसिडाचा अंश मारावा, स्वच्छ पाण्याने खळबळावी, उन्हात वा गरम हवेने पूर्ण कोरडी करावी आणि लगेच आतून तेल फिरवावे. या ‘लगेच’मध्ये सारे यश आहे. जेवून येऊ आणि मग तेल लावू, असे म्हणणाऱ्याची सारी मेहनत सुरतेची दमट हवा वाया घालविते. राजदूत-जावासारख्या गाड्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळत, म्हणून चालत्या गाडीत त्यांच्या टाक्या आतून बऱ्या राहत. चार वर्षे उभ्या राहिल्या, की त्याच तेलाचा चिकट राळेसारखा थर तळाला बसतो. तो प्रथम रॉकेल अथवा थिनरने काढावा लागतो, नाही तर लिंबाचे फूल गंजापर्यंत पोहोचतच नाही.

बारीक भोक कोठे आहे ते शोधण्याची जुन्या कारागिरांची रीत फार सोपी आहे. टाकीला बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून पोतारा द्यावा, वाळू द्यावा, आत थोडे रॉकेल घालून टाकी सर्व बाजूंनी फिरवावी. रॉकेल जेथून पाझरेल तेथे पांढऱ्यावर काळसर डाग उमटतो. असे भोक पितळेच्या अथवा डाखाच्या कामाने बुजविणे उत्तम. भोके फार असतील तर शिवणीलगतची पट्टी कापून नवा पत्रा बसवावा. अडाजणच्या टाकीला असेच करावे लागले.

हल्ली टाकीच्या आत इपॉक्सीचे अस्तर ओतण्याची प्रथा पडली आहे. याविषयी आमचे मत थोडे कडक आहे. देशात २०२२ साली पेट्रोलमध्ये शेकडा दहा इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ मध्ये ते प्रमाण वीसवर गेले. जुनी अस्तरे इथेनॉलला टिकत नाहीत. ती सुटून त्यांचे पापुद्रे कॉकमध्ये अडकतात. तेव्हा अस्तर लावावयाचेच असेल तर ते इथेनॉल सोसणारे आहे अशी लेखी खात्री करून घ्यावी, आणि टाकी खरोखरच गळकी नसेल तर अस्तराच्या वाटेस जाऊ नये. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. पूर्वी पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवा असे सांगत, ते आठ-पंधरा दिवसांसाठी आजही खरे आहे. परंतु गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर पेट्रोल काढून टाकी कोरडी करून तेल लावून ठेवणे अधिक श्रेयस्कर.

रंगाविषयी आम्ही थोडे रेंगाळू. पोचे काढून, लांबी भरून, चकचकीत रंग मारणे हे कोणताही चांगला डेंटर-पेंटर करील. पण त्याआधी एक छोटे काम करावे. टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूस बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा हलक्या हाताने घासावी. एकेक थर उघडा पडत जातो; लालाखाली काळा, काळ्याखाली मरून, आणि क्वचित मूळ सोनेरी रेघेचा तुकडा. हे पाहिल्यावरच ठरवावे की नवा रंग द्यावयाचा, की जुनाच साफ करून मेण लावून राखावयाचा. मूळ रंग निम्म्याहून अधिक शिल्लक असेल, तर तो राखावा असे आम्ही सुचवू. मद्रासेतील बुलेटच्या टाक्यांवर सोनेरी रेघा हाताने ओढण्याची परंपरा दीर्घकाळ चालत आली. लांब केसांच्या कुंचल्याने ओढलेल्या त्या रेघेत जो किंचित कंप असतो, तो चिकटपट्टीच्या रेघेत येत नाही. क्रोमच्या मुलाम्याचे म्हणाल, तर जरीच्या धंद्यामुळे तारेवर विजेने सोन्याचा मुलामा देण्याची विद्या सुरतेत जुनी आहे. पण टाकीचे क्रोम हे निराळे काम, मोठ्या हौदाचे, आणि गंजाने पातळ झालेला पत्रा त्यापूर्वीच्या घासकामात फाटू शकतो. तेव्हा क्रोमवाल्याला टाकी देताना भोके बुजविलेली आहेत हे आधी सांगावे.

सरकारदरबारीही मूळ रूपाला आता किंमत आली आहे. २०२१ च्या जुलैत केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी देण्याचे नियम केले. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा ही अट आहे; नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. टाकीचा स्वतंत्र उल्लेख तेथे नाही, तरी तपासणाऱ्याची नजर सर्वप्रथम तिच्याकडेच जाते. जुने फोटो घरात असतील तर ते शोधून ठेवावेत. लग्नाच्या वा सहलीच्या फोटोत फटफटी हमखास सापडते, आणि टाकीवरील रेघ कोठून कोठे जात होती याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

रंग पुरता वाळल्यावर टाकी बसविताना दांड्यावर नवी रबरे घालावीत. पत्रा थेट लोखंडावर टेकला, तर धक्क्यांनी त्याच जागी पुन्हा तडा जातो. कॉकमधील बुचाची चकती जुनी असेल तर बदलावी. पहिल्या दिवशी लिटरभरच पेट्रोल घालावे, तेही बारीक जाळीतून, आणि रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. गाडी दिवा, देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून लांब, उघड्यावर असावी. सकाळी कागद कोरडा निघाला तर टाकी भरण्यास हरकत नाही. डाग दिसला, तर तो कागदावर नेमका कोठे पडला आहे ते पाहून त्याच्या वरची जागा खडूने खूण करून ठेवावी.